कगततोतत

स्वतःचं लिखाण तपासायला स्वतःचे डोळे निरुपयोगी असतात. मनात ‘पाणी’ असलं आणि पडद्यावर ‘पाटी’ असली, तर माझे डोळे बिनदिक्कत ‘पाणी’ वाचून पुढे जातात. ‘पाटी’ दिसते ती थेट छापून आल्यावर, आणि तीही आधी शेजाऱ्यांना. यावर जुना उपाय म्हणजे लेख बायकोला वाचून दाखवणं. ती ऐकते. दर परिच्छेदाला “हं” म्हणते. पण विनोदी लेखाला सलग पंधरा-वीस वेळा नुसतं “हं” मिळालं की लेखकाच्या प्रकृतीवर परिणाम होतो. तेव्हा चुका कानांनीच पकडायच्या, पण त्या कामात घरच्या कोणाला गुंतवायचं नाही, असं मी ठरवलं.

“मामा, कॉम्प्युटरलाच वाचायला लावा की,” भाचा फोनवर म्हणाला. “ईस्पीक टाका. फुकट आहे. मराठीसुद्धा बोलतं.”

ईस्पीक म्हणजे लिहिलेलं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम. जोनाथन डडिंग्टन या गृहस्थानं १९९५ मध्ये एकॉर्नच्या कॉम्प्युटरसाठी तो पहिल्यांदा लिहिला. हल्ली वापरतात ती ईस्पीक एनजी नावाची, २०१५ मध्ये निघालेली शाखा. यात कोणा माणसाचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवलेलं नसतं. आवाज बहुतांशी गणितानं जागच्या जागी घडवला जातो, त्यामुळे प्रोग्रॅम अगदी चिमुकला राहतो आणि त्याला शेकड्यावर भाषा येतात. दृष्टिहीन लोक वापरतात त्या एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्येही तो असतो, आणि सराव झालेली मंडळी तो आपल्याला एक अक्षर कळणार नाही इतक्या वेगानं ऐकतात. मराठीत तो बोलतो तेव्हा सर्दी झालेला तलाठी सातबारा वाचून दाखवतोय असं वाटतं. माझ्या कामाला हेच हवं होतं. त्याला माझ्या विनोदाचं कौतुक नाही की कंटाळा नाही. ऱ्हस्व लिहिलं असेल तर तो ऱ्हस्वच म्हणतो.

भाच्यानं एक ओळ पाठवली. आधी ‘एक्ससेल’, मग एक उभी दांडी, मग ‘ईस्पीक’. माउसनं निवडलेला मजकूर एक्ससेल उचलतो, दांडीपलीकडे सरकवतो आणि ईस्पीक तो बोलतो. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत मी ती ओळ टाइप केली आणि तलाठी लगेच बोलू लागला. पहिल्याच फटक्यात जमलं, म्हणून हाव सुटली. दर वेळी टर्मिनल उघडा, ओळ लिहा, एवढं कोण करणार? एक चावी दाबली की वाचन सुरू, असं का होऊ नये?

लिनक्सवर हे होतं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये शॉर्टकटचं पान असतं. तिथे आज्ञा लिहायची, मग हव्या त्या चाव्या एकदा दाबून दाखवायच्या. दोन मिनिटांचं काम, असं भाचा म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. त्याला दोनच मिनिटं लागतात.

मी आधी चाव्यांचा विचार केला. लेख वाचायचा, म्हणून ‘लेख’मधला एल. कंट्रोल, आल्ट आणि एल एकदम दाबले. पडदा काळा झाला आणि पासवर्ड मागू लागला. पासवर्ड दिला. परत तेच दाबलं. परत पासवर्ड. तिसऱ्या वेळेला मी पासवर्ड इतक्या रागानं टाइप केला की तो चुकला. माझ्या डेस्कटॉपवर याच चाव्या पडद्याला कुलूप लावायला आधीपासून नेमलेल्या आहेत, हे मला ठाऊक नव्हतं. अक्षरांच्या बहुतेक जागा आधीच कोणी ना कोणी अडवलेल्या असतात. कंट्रोल-आल्ट-टी टर्मिनल उघडतं, कंट्रोल-आल्ट-डी सगळ्या खिडक्या खाली पाठवतं. म्हटलं, वरच्या ओळीतल्या एफ-वन, एफ-टू या चाव्यांकडे कोणी फिरकत नाही, त्यातली एक घेऊ. कंट्रोल, आल्ट, एफ-थ्री.

आता पडदा नुसता काळा झाला नाही, सगळं विश्वच गेलं. खिडक्या नाहीत, माउसचा बाण नाही, भिंतीवरचा फोटो नाही. डाव्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत ‘लॉगिन’ एवढाच शब्द आणि त्यापुढे उघडमीट करणारी रेघ. संपादकांना द्यायचा दिवाळी अंकाचा लेख त्या काळोखात गडप झाला होता. मी भाच्याला फोन लावला आणि आवाज शक्य तितका सहज ठेवून विचारलं, “काय रे, हार्ड डिस्क साधारण केवढ्याला पडते?”

“मामा, काय दाबलंत?”

सांगितलं. तो हसला नाही, याचं श्रेय त्याच्या आईच्या संस्कारांना. लिनक्समध्ये चित्रांच्या पडद्यामागे नुसत्या अक्षरांचे जुन्या पद्धतीचे पडदे कायम तयार असतात आणि कंट्रोल-आल्टबरोबर एफच्या चाव्या दाबल्या की माणूस त्यांच्यावर जातो. माझ्या यंत्रावर परतीचा रस्ता एफ-सेव्हनला होता. काही यंत्रांवर तो एफ-वन किंवा एफ-टूला असतो. लेख होता तिथेच, अर्ध्या वाक्यावर माझी वाट बघत होता.

या निमित्तानं डेव्हिड ब्रॅडली यांची आठवण काढायला हवी. १९८१ च्या आयबीएम पीसीवर काम करताना यंत्र बंद-चालू करण्याचा वेळ वाचावा म्हणून त्यांनी एक चाव्यांची जोडणी केली. आधी कंट्रोल, आल्ट आणि एस्केप होतं. पण हे तिन्ही डाव्या हाताला, कोणाचाही हात पडून यंत्र चुकून नव्यानं सुरू झालं असतं. म्हणून एस्केपऐवजी दूरचा डिलीट घेतला. दोन्ही हात लागले की माणूस ते जाणूनबुजून करतोय, असा त्यामागचा हिशोब. माझ्यासारखी माणसं दोन्ही हात लावून, पूर्ण शुद्धीवर असताना, विचारपूर्वक चुकीच्या चाव्या दाबतात, हे ब्रॅडलींच्या ध्यानात आलं नसावं.

शेवटी ‘वाच’मधला व्ही घेतला. कंट्रोल-आल्ट-व्ही. तो मोकळा होता. आज्ञा लिहिली, चाव्या नोंदवल्या, मजकूर निवडला आणि दाबलं.

काही नाही.

हे ‘काही नाही’ फार वाईट. टर्मिनलमध्ये चूक झाली तर यंत्र निदान इंग्रजीत ओरडतं. शॉर्टकट चुकला तर ते ओरडायला जागाच नसते. चावी पोचली की नाही, पोचून नाकारली की कशी, कशाचाच पत्ता नाही. तीच ओळ टर्मिनलमध्ये लिहिली की तलाठी हजर, चावी दाबली की शुकशुकाट. पुढची संध्याकाळभर मी त्या दोन जागांमध्ये येरझारा घातल्या.

“दांडी आहे ना त्यात?” भाच्यानं विचारलं. दांडीचा अर्थ टर्मिनलमध्ये बसलेल्या शेलला कळतो. शॉर्टकटमधून गेलेली आज्ञा शेलच्या हातून जातच नाही, त्यामुळे ‘दांडी’ आणि ‘ईस्पीक’ हे दोन्ही निमूटपणे एक्ससेलच्या पदरात जाऊन पडतात आणि ते काय करावं हे एक्ससेलला समजत नाही. ती ओळ एका फाइलमध्ये ठेवायची, फाइलला चालण्याची परवानगी द्यायची आणि शॉर्टकटमध्ये फाइलचा पूर्ण पत्ता लिहायचा. नुसतं नाव लिहून भागत नाही, कारण टर्मिनल जिथे जिथे शोधतं तिथे डेस्कटॉप शोधेलच असं नाही. पोस्टमन नवीन आहे समजा, भाचा म्हणाला. परवानगी द्यायची मी विसरलो होतो, ते आणखी एका फोननंतर निघालं. मग मात्र बोलला. मी खुर्चीतून उठून आत जाऊन बायकोला सांगून आलो. ती “हं” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लिहायला बसलो, परिच्छेद निवडला, चाव्या दाबल्या. शुकशुकाट.

या खेपेचं कारण कळायला दोन दिवस गेले आणि ते कळल्यावर मला जरा अभिमानच वाटला, कारण ही अडचण लंडनच्या माणसाला कधी येणार नाही. मी इनस्क्रिप्ट कळफलकावर मराठी लिहितो. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं १९८६ मध्ये ही रचना आणली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानकात गेली. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि हिंदी, बंगाली, तमिळ सगळ्यांना जागा त्याच. मोठी तर्कशुद्ध रचना आहे. तिच्यात केच्या चावीवर ‘क’ येतो, हा योगायोग सोडला तर इंग्रजी अक्षराशी तिचा संबंध नाही. सीवर ‘म’ आहे, टीवर दीर्घ उकार आहे आणि व्हीवर आहे ‘न’. मी इंग्रजीत असताना व्ही नोंदवला होता. मराठीत लिहिताना तीच चावी दाबली की माझ्या डेस्कटॉपला वाटायचं, कंट्रोल-आल्ट-न. असं काही आपल्याकडे नोंदलेलं नाही, असं म्हणून तो गप्प बसायचा. अनेक डेस्कटॉपना ही समज असते की अक्षर सोडून चावीकडे बघावं. माझा जुना आहे, तो अक्षराला धरून चालतो.

म्हणून मराठीत असताना पुन्हा नोंदणी केली. सेटिंगमध्ये स्वच्छ ‘न’ उमटला. आता मराठीत चालायला लागलं आणि इंग्रजीत बंद पडलं. मी कोणत्या भाषेत आहे हे मला चावी दाबायच्या आधी कधीच ठाऊक नसतं, दाबल्यानंतरच कळतं. “मामा, ज्या चावीवर अक्षरच नाही ती घ्या,” भाचा म्हणाला. एफ-नाइन. ती कोणत्याही भाषेत एफ-नाइनच राहते. शनिवारी दुपारी मी तिची नोंदणी केली.

त्या शनिवारी संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये सोसायटीच्या कमिटीची मीटिंग होती. बायको सेक्रेटरी आहे, त्यामुळे मीटिंग आमच्याकडे, चहा आमच्याकडे आणि मी आतल्या खोलीत. दार लावून, कानांवर हेडफोन चढवून लेख तपासायला बसलो. दिवाळी अंकाच्या त्या लेखाचा विषय होता एक हाउसिंग सोसायटी. सोसायटी काल्पनिक होती. तिचा चेअरमन निवृत्त मुख्याध्यापक होता, लिफ्ट बंद असल्याची नोटीस लिफ्टच्या आत लावायचा आणि प्रत्येक कागदावर दोनदा सही करायचा, हे सगळं काल्पनिक होतं. फक्त फ्लॅटचे नंबर बदलायचे राहिले होते.

पहिला परिच्छेद निवडला, एफ-नाइन दाबलं. शुकशुकाट.

आता मी पूर्वीचा राहिलो नव्हतो. भाच्यानं मला ‘एक्स-ई-व्ही’ नावाचं हत्यार शिकवलं होतं. ते चालवलं की छोटी पांढरी खिडकी येते आणि तिच्यासमोर दाबलेल्या प्रत्येक चावीचा क्रमांक टर्मिनलमध्ये छापला जातो. व्ही म्हणजे ५५. एफ-नाइन म्हणजे ७५. चावी यंत्रापर्यंत पोचतेय का, हे बघायची ही पक्की रीत. मी एफ-नाइन दाबलं. ७५ आलाच नाही. त्याऐवजी ‘फोकस-आउट’ आणि ‘नोटिफाय-ग्रॅब’ असं काहीतरी आलं. याचा अर्थ मला पाठ होता: चावी तुमच्यापर्यंत यायच्या आधीच दुसऱ्या कोणीतरी मधल्यामध्ये पळवली.

चोर! मी एकेक संशयित घेतला. कॉपी केलेलं साठवणारा प्रोग्रॅम बंद केला, एफ-नाइन दाबलं. तीच ओळ. पडद्याचा फोटो काढणारा बंद केला, दाबलं. तीच ओळ. कदाचित मजकुरातच खोट असेल म्हणून दुसरा परिच्छेद निवडला, दाबलं. मग तिसरा. मग घाईघाईनं टाकीबद्दलचा. मग सेक्रेटरीबद्दलचा, कारण तो सर्वांत लांब होता आणि लांब मजकूर कदाचित चालून जाईल असं तेव्हा का वाटलं, ते आता सांगता येणार नाही. चावी पळवणारा चोर म्हणजे माझाच शॉर्टकट होता. तो चावी हवी तशीच पळवत होता, दर वेळी फाइल चालवत होता आणि दर वेळी ईस्पीक बोलत होता. माझ्या हेडफोनमध्ये नव्हता बोलत, एवढंच.

त्या वेळी हॉलमध्ये काय चाललं होतं हे मला नंतर तीन-चार साक्षीदारांकडून तुकड्यातुकड्यानं कळलं. तिसऱ्या मजल्यावरचे एक सभासद मुलाकडे न्यू जर्सीला गेलेत. त्यांना टाकीच्या खर्चाबद्दल बोलायचं होतं, म्हणून खजिनदारांनी त्यांना फोनवर घेतलं आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आमचा ब्लूटूथ स्पीकर चालू केला. तो स्पीकर गणपतीत आरत्यांसाठी माझ्या कॉम्प्युटरला जोडला होता. चालू केल्याबरोबर त्यानं खजिनदारांचा फोन बाजूला ठेवून भिंतीपलीकडच्या ओळखीच्या यंत्राला मिठी मारली. ब्लूटूथला दहाएक मीटर अंतर आणि मधली एक भिंत काहीच वाटत नाही. यंत्रानंही हेडफोन सोडून सगळा आवाज तिकडे वळवला. खजिनदार म्हणाले, “बोला.” आणि स्पीकर बोलू लागला.

“चेअरमन महोदयांना सही करायला आवडते. सही करायला कागद नसेल तर ते कागद निर्माण करतात.”

सगळे गप्प झाले. आवाज ओळखीचा नव्हता, पण अमेरिकेतून येतोय म्हटल्यावर असाच येणार, असं सर्वजण धरून चालले. “नेटवर्क खराब आहे,” कोणीतरी समजुतीनं म्हणालं. माझी बायको शिस्तीची सेक्रेटरी आहे. तिनं इतिवृत्ताच्या वहीत लिहिलं: ‘फ्लॅट ३०२ यांनी चेअरमन यांच्या कार्यपद्धतीबाबत नाराजी व्यक्त केली.’ आवाज लिफ्टच्या नोटिशीपर्यंत पोचला तेव्हा चेअरमन शांतपणे म्हणाले, “त्यांना पूर्ण बोलू द्या.”

मग मी दुसऱ्यांदा एफ-नाइन दाबलं. ईस्पीकला आधीचं वाचन संपायची वाट बघायची नसते, प्रत्येक खेपेला त्याची नवी प्रत चालू होते आणि यंत्र सगळ्यांचे आवाज इमानानं एकत्र मिसळून देतं. फ्लॅट ३०२ स्वतःचंच वाक्य मागून पुन्हा म्हणू लागले. मग तिसऱ्यांदा. थोड्या वेळानं न्यू जर्सीहून निरनिराळे परिच्छेद एकाच सुरात, एकाच वेळी येऊ लागले. कोणी टाकीबद्दल, कोणी सह्यांबद्दल. त्यातून अधूनमधून “सेक्रेटरी बाईंची वही” असे शब्द वर यायचे. तेवढ्यात खजिनदारांच्या खिशातला फोन बोलला, “हॅलो, माझा आवाज येतोय का? मी अजून बोललोच नाही.”

माझ्या खांद्यावर हात पडला. हेडफोन काढला तर दारातून एक विलक्षण गुणगुण आत येत होती.

“अहो,” बायको म्हणाली, “हॉलमध्ये तुम्ही बोलताय का?”

या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायला वेळ नव्हता. चालू असलेले सगळे ईस्पीक एका फटक्यात बंद करणारी आज्ञा मला पाठ आहे: किलऑल. टर्मिनलवर झडप घातली, टाइप केलं, एंटर मारलं. टर्मिनलनं उत्तर दिलं की ‘कगततोतत’ नावाची आज्ञा आपल्याला सापडत नाही. लेख तपासत होतो, म्हणजे मी मराठीत होतो. पुन्हा टाइप केलं. पुन्हा कगततोतत. घाबरलेल्या माणसाची बोटं भाषा बदलत नाहीत, फक्त वेग बदलतात. मागे उभी राहून बायको पडद्याकडे बघत होती. पडद्यावर एकाखाली एक तेच अक्षर-समूह जमत होते, आणि तिचा समज झाला की नवऱ्याला झटका आलाय. “पाणी आणू का?” तिनं विचारलं.

तिकडे हॉलमध्ये खजिनदारांना शेवटी स्पीकरचं बटण सापडलं. तो बंद झाला. ब्लूटूथ तुटलं की यंत्र चालू असलेला आवाज उरलेल्या वाटेनं सोडून देतं, त्यामुळे सगळे तलाठी एकदम माझ्या गळ्यात लोंबणाऱ्या हेडफोनमध्ये येऊन बोलू लागले. अगदी खणखणीत. शॉर्टकट उत्तम चालत होता.

दारात चेअरमन उभे होते. हातात चहाचा कप. मी उठलो. काहीतरी म्हणायला हवं होतं आणि माझ्याजवळ म्हणण्यासारखं फक्त कगततोतत होतं.

“तो टाकीचा परिच्छेद,” ते म्हणाले, “त्यात तुम्ही टाकी २०११ ची लिहिली आहे. टाकी २००९ ची. २०११ ला वॉटरप्रूफिंग झालं.”

मी ते लिहून घेतलं.

“आणि ‘टँकरचे भगिरथ’ असं ऐकू आलं. ‘गि’ ऱ्हस्व बोलला. तो दीर्घ आहे. भगीरथ.”

लेख उघडून बघितला. मी तीन-चार वेळा वाचलेल्या त्या ओळीत ऱ्हस्व ‘गि’ बसलेला होता. दुरुस्त केला. त्याच दिवशी एफ-टेनवर सगळे ईस्पीक बंद करणारी आज्ञा बसवली, तीही फाइलमध्ये, पूर्ण पत्त्यासकट. फ्लॅट ३०२ यांच्या नावावरची नाराजी इतिवृत्तातून काढायची की ठेवायची, यावर कमिटीत दोन गट पडलेत. न्यू जर्सीहून त्यांनी कळवलंय की ठेवली तरी चालेल.

चेअरमननी कप टेबलावर ठेवला. “बाकी छापायला हरकत नाही,” ते म्हणाले. “फक्त सेक्रेटरींवरचा परिच्छेद आधी घरात दाखवा.”